लांब नावांचं भय

थंडी पडली की आजीच्या टाचांना भेगा पडायच्या. इलाज ठरलेला होता. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा आणि ठिबकणारं काळं तेल भेगेत भरायचं. बहुतेक वेळा काम भागायचं. एका वर्षी मात्र बिब्बा उतला. पाऊल टरारून सुजलं, फोड आले, आजी आठवडाभर खाटेवर. तरी बिब्ब्यावर तिचा राग नव्हता. "माझाच हात चुकला," म्हणायची. पुढच्या थंडीत बिब्बा पुन्हा दिव्यावर.

परवा भाची आली होती. माझ्या मॉइश्चरायझरची बाटली तिनं उलटी केली, मोबाइलचा टॉर्च मारून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि म्हणाली, "मामा, यात पॅराबेन आहे. टाकून दे."

"त्यानं काय होतं?"

"कॅन्सर."

तिच्या पर्समधल्या ट्यूबवर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि 'पॅराबेन फ्री' अशी ठळक अक्षरं. किंमत माझ्या बाटलीच्या तिप्पट. झाकण उघडलं तर लव्हेंडरचा घमघमाट.

मला आजी आठवली. दोघींमध्ये साठ वर्षांचं अंतर, एक कंदिलाच्या उजेडात वाढलेली, दुसरी बी.एस्सी. झालेली, पण हिशेब एकच. ओळखीच्या नावावर भरवसा आणि जिभेवर न बसणाऱ्या नावाचं भय.

बिब्बा झाडाचा, म्हणून आपला. आंबा आणि काजू ज्या कुळातले, त्याच कुळातला तो, आणि काजूच्या टरफलातला चीक हाताला लागलेल्या कोकणातल्या माणसाला हे कूळ काय करू शकतं ते सांगावं लागत नाही. परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचीच शाई वापरत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर नि कमरेवर, नेमकं जिथं ती खूण टेकायची तिथं, खाजरे चट्टे उठू लागले. लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याचं नाव ठेवलं 'धोबी मार्क डर्मटायटिस'. चांगल्या कामात कुणी मोडता घातला की आपण म्हणतो, मध्येच बिब्बा घातला. भाषेला जे कळलं होतं ते आजीच्या टाचांना कळायला फोड यावे लागले.

आता पॅराबेन. हे एका रसायनाचं नाव नाही, ते आडनाव आहे. त्या घरात मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्यूटाइल अशी बरीच भावंडं आहेत आणि सगळ्यांची चाल सारखी नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेनचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध केलं. निरोगी स्तनाच्या पेशी तुलनेसाठी घेतलेल्या नव्हत्या. गाठीत एखादा पदार्थ सापडला म्हणजे गाठ त्यानंच झाली असं होत नाही, आणि तसा दावा त्या निबंधातही नव्हता. पण बातमी व्हायला एवढं पुष्कळ होतं.

शंका अगदी निराधारही नव्हती. प्रयोगशाळेत पॅराबेन स्त्रीसंप्रेरकासारखी किंचित वागणूक दाखवतात, आणि रेणूची शेपटी लांबत जाईल तशी ती वाढते. म्हणून युरोपीय संघानं घर पेटवून न देता माणसं निवडली. २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर बंदी आली. प्रोपाइल आणि ब्यूटाइलची मर्यादा खाली आणून दोघांची मिळून ०.१४ टक्के केली. मिथाइल आणि इथाइलला एकेकट्याला ०.४ टक्क्यांपर्यंत मोकळीक राहिली. कंटाळवाणं, दशांश चिन्हांचं काम. त्याची जाहिरात होत नाही. जाहिरात झाली ती 'फ्री' या शब्दाची.

पुढं जे घडलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. पॅराबेन काढले तर त्यांच्या जागी काहीतरी घालावं लागतं. अनेक उत्पादकांनी घातलं मिथाइलआयसोथायझोलिनोन. एकट्यानं वापरायची परवानगी त्याला युरोपात २००५ मध्येच मिळाली होती, दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत. क्रीम, ओले वाइप्स, शाम्पू, सगळीकडे ते शिरलं. थोड्याच वर्षांत युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे चेहरा लाल झालेल्या, पापण्या सुजलेल्या रुग्णांची रांग लागली. अमेरिकेतली कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दर वर्षी एका पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवते. २०१३ चा मान या पाहुण्याला मिळाला. २०१६ मध्ये युरोपनं अंगावर राहू देण्याच्या क्रीम-लोशनमधून त्याला हद्दपार केलं. आणि याच सोसायटीनं २०१९ साली मुद्दाम वेगळी पदवी काढली, 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर'. ती दिली पॅराबेनना. त्वचेवर इतकी कमी कुरबूर करणारे प्रिझर्व्हेटिव्ह फार थोडे आहेत, हे लोकांना आठवण करून द्यावं लागलं. आगीतून फुफाट्यात, आणि वर तिप्पट पैसे.

मुळात प्रिझर्व्हेटिव्ह हवाच कशाला, असं भाचीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर जगातली पहिली कोल्ड क्रीम सांगतात: मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी. ती ताजी करायची, लवकर संपवायची, नाहीतर खवट. आपल्याकडचं शतधौत घृत त्याच जातीचं. तूप तांब्याच्या ताटात पाण्यानं शंभर वेळा घासून धुवायचं, मग ते लोण्यासारखं पांढरं, हलकं होतं. तेही घरी करून थोड्या दिवसांत संपवण्याचं. नुसत्या तेलात जंतू फारसे वाढत नाहीत. त्यांना पाणी लागतं. आजच्या बहुतेक लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यात आपण रोज ओली बोटं बुडवतो आणि डबी न्हाणीघराच्या दमट फळीवर ठेवतो. चार महिने ती तशीच पांढरीशुभ्र राहावी अशी अपेक्षा असेल तर आत कुणीतरी पहारा करायला हवा. पहारेकरी नसलेल्या, घरी हौसेनं केलेल्या कोरफडीच्या क्रीमची मला पॅराबेनपेक्षा जास्त धास्ती वाटते.

भाचीच्या ट्यूबवरच्या यादीत शेवटी एक शब्द होता: परफ्यूम. यादीतला हा सर्वांत सुवासिक आणि सर्वांत गुळमुळीत शब्द. त्याच्या आड दोनचार पदार्थ असतील किंवा पन्नास. आपल्याकडे ते एकेक करून छापावे लागत नाहीत. युरोपनं आधी सुगंधातल्या २६ ॲलर्जीकारक पदार्थांची नावं छापायला लावली आणि २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर नेली. त्यांतला एक लिनालूल, लव्हेंडरच्या तेलातला मुख्य घटक. ताजा असताना तो निरुपद्रवी. हवा लागून जुना झाला की त्याचे जे पदार्थ बनतात ते कातडीला चिडवतात. लव्हेंडरचं फूल नैसर्गिक आहे यात वाद नाही. बिब्बाही आहे.

उलट बाजूला आपलं जुनं व्हॅसलीन. पेट्रोलियमचं नाव ऐकूनच हल्ली लोक नाक मुरडतात. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या पंपांवर जमणारा मेणचट गाळ शुद्ध करून रॉबर्ट चेसब्रो यांनी ते बनवलं आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. ते स्वतः रोज चमचाभर खात असं सांगतात, आणि जगले ९६ वर्षं. (तुम्ही खाऊ नका.) नीट शुद्ध न केलेल्या पेट्रोलियममध्ये घातक संयुगं राहू शकतात हे खरं, म्हणून शुद्धतेची प्रत पाहायची. पण शुद्ध जेलीत पाणी नाही, वास नाही, प्रिझर्व्हेटिव्हची गरज नाही, ॲलर्जी जवळपास नाही. कातडीतून उडून जाणारं पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं थोडंच काही आहे. एकच पथ्य, आणि ते सगळ्याच मलमांना लागू, मग ती पेट्रोलियमची असोत की खोबरेलाची: कपड्यात मुरलेलं क्रीम कापडाला झटकन पेट घ्यायला मदत करतं. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१८ मध्ये तसा इशारा दिला. हातापायांना भरपूर लावून पदर सावरत समई लावणाऱ्या वयस्क बाईला हे कुणी सांगितलंय?

इथपर्यंतचं सगळं छापलेल्या नावांबद्दल. पण भाचीशी बोलताना ओघात एक गोष्ट निघाली. तिच्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलंय. पार्लरवालीनं तिला एक पांढरी डबी दिली, 'रात्री लाव, पंधरा दिवसांत उजळशील' म्हणून. मॉइश्चरायझरसारखीच मऊ. डबीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. वाचायलाच काही नाही, त्यामुळे टॉर्च मारायचा प्रश्न आला नाही. भीतीही आली नाही.

खरा धोका त्या कोऱ्या डबीत आहे. अशा डबीत पारा असू शकतो. तो त्वचेतलं काळं रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या चाळणीचा एक विशिष्ट आजार झालेले २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत 'नेल-१' नावाची खूण सापडली, आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. आपल्याकडे अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी २०२३ मध्ये आली होती: क्रीम एक, मूत्रपिंडं तिघींची बिघडलेली, आणि मुंबईत केलेल्या तपासणीत निघाला पारा. कायदा नाही असं नाही. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांत अशा क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण कायदा लेबल वाचतो. कोऱ्या डबीपुढं तोही निरक्षर.

दुसरा चोर स्टेरॉइड. तो तर मेडिकलमध्ये लेबलासकट मिळतो. इसब, सोरायसिस यांवर तो उत्तम औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी. गोरं दिसण्यासाठी महिनोन्महिने लावला की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, आणि बंद केला की चेहरा आगीसारखा होतो, म्हणून माणूस पुन्हा तोच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं ओरड केल्यावर २०१८ मध्ये सरकारनं अशा १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची सवलत काढून घेतली. काउंटरवर ती चिठ्ठी किती वेळा मागितली जाते, ते तुम्हीच आठवून पाहा.

भाचीला मी एवढंच म्हणालो की मैत्रिणीला आजच फोन कर. माझी बाटली अजून फळीवर आहे, पॅराबेनसकट. तुमच्या घरात अशी एखादी डबी असेल, जिच्यावर घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, तर लावणं आज थांबवा, पण ती टाकून देऊ नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या.