चिनी वैद्यकातील वाहिन्या : अस्तित्वाचा प्रश्न

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या मते शरीरात ‘छी’ नावाचा प्राणप्रवाह ठरावीक मार्गांनी फिरतो. या मार्गांच्या जाळ्याला ‘जिंगलुओ’ म्हणतात, आणि त्यातील ‘जिंग’ म्हणजे खोलवरून उभ्या जाणाऱ्या मुख्य वाहिन्या, तर ‘लुओ’ म्हणजे त्यांना जोडणाऱ्या शाखा. शवविच्छेदनात अशी रचना आढळत नाही म्हणून ती निव्वळ कल्पना ठरवणे किंवा ती ‘सूक्ष्म’ आहे असे सांगून वादच मिटवणे, ही दोन्ही उत्तरे झटपट मिळतात. मात्र या संकल्पनेचा इतिहास पाहिला की दोन्ही तोकडी वाटू लागतात.

हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे, इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका कबरीत, १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. त्यांत वाहिन्या बारा नव्हेत, अकरा आहेत. सुई टोचण्याच्या बिंदूंचा पत्ता नाही, आणि उपचार सांगितला आहे तो वाहिनीवर डाग देण्याचा. त्यांपैकी एका ग्रंथात हातावरील तीन वाहिन्यांना खांदा, कान आणि दात यांची नावे आहेत. दातांची वाहिनी तर्जनी आणि अंगठ्यापाशी सुरू होते, हाताच्या कडेने कोपरातून वर चढते आणि गालावरून दातांत शिरते. पुढे हान काळात आकाराला आलेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या संकलनात जवळपास हाच मार्ग मोठ्या आतड्याची वाहिनी म्हणून येतो. हात आणि दातदुखी यांचा संबंध आधी नोंदला गेला आणि आतड्याशी असलेले नाते मागाहून जुळवले गेले, असाच याचा सरळ अर्थ दिसतो.

जुळवाजुळव एवढ्यावर थांबली नाही. हृदयावरणाची बारावी वाहिनी आल्यावर सहा यिन, म्हणजे शीत व अंतर्मुख, आणि सहा यांग, म्हणजे उष्ण व बहिर्मुख, अशी समान वाटणी साधली; त्याच संकलनात बारा वाहिन्यांना चीनमधील बारा नद्यांची जोड मिळाली; आणि पूर्वी सुट्या असलेल्या या वाटा फुप्फुसापासून निघून यकृतापर्यंत जाणाऱ्या व पुन्हा फुप्फुसाकडे वळणाऱ्या अखंड चक्रात बांधल्या गेल्या. येथे निरीक्षणाची जागा विश्वाच्या व्यवस्थेने घेतली, हे मान्य करावे लागते.

तरीही त्या काळच्या वैद्यांना वाहिनी हे केवळ रूपक वाटत नव्हते. इ.स. १६ मध्ये सम्राट वांग मांग याच्या हुकमाने एका बंडखोराचे शरीर वैद्य आणि खाटीक यांच्याकडून फाडवले गेले आणि बांबूच्या बारीक काड्या वाहिन्यांत घालून त्यांचा माग काढला गेला, अशी नोंद हान राजवंशाच्या इतिहासात आहे. उलट, ‘सानज्याओ’ हा धडाच्या तीन विभागांत पसरलेला मानलेला अवयव केवळ नावापुरता असून त्याला रूप नाही, असे ‘नानजिंग’ या ग्रंथाने स्पष्ट म्हटले, आणि तरीही त्याची स्वतंत्र वाहिनी कायम राहिली. अस्तित्व म्हणजे आकार की कार्य, हा प्रश्न या परंपरेने स्वतःच उभा केला होता आणि दोन्ही उत्तरे एकत्र नांदू दिली होती. हठयोगातील नाड्यांशी हिची तुलना नेहमी होते. परंतु बहात्तर हजार नाड्यांची मांडणी मुख्यतः साधनेसाठी आहे, तर बारा वाहिन्यांची निदान व उपचारांसाठी, हा भेद अशा तुलनेत बहुधा निसटतो.

आधुनिक चाचण्यांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, वाहिन्यांबाहेर वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना अपेक्षित उतार पडला. सुईला लागलेला हा धक्का नव्हे, नकाशाला लागलेला आहे. मात्र त्या नकाशात दातांच्या वाहिनीसारख्या जुन्या नोंदी आणि नद्यांशी जुळवलेली बाराची संख्या असे दोन निरनिराळे थर आहेत, आणि अशा चाचणीत दोन्ही एकाच मापाने मोजले जातात.