समदर्शी, आयसीयूच्या दाराशी

आज गीता ५.१८. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ, ज्ञानी सगळ्यांकडे समदृष्टीने पाहतो. वाचायला सोपं आहे हो.

केईएममधल्या अरुणा शानबाग आठवतात? १९७३ ते २०१५. महापालिकेच्या त्या हॉस्पिटलात परिचारिकांनी त्यांना जवळपास ४२ वर्षं धुतलं-पुसलं, भरवलं. बिलाचा प्रश्नच आला नाही. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळली, पण कडक अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी केली. २०१८ मध्ये लिव्हिंग विल मान्य झालं. २०२३ पासून ते नोटरीसमोरही करता येतं.

मला सलतं ते वेगळंच. एका घरी “आता यातना नकोत” म्हणून व्हेंटिलेटर काढतात, दुसऱ्या घरी पैसे संपले म्हणून. फॉर्मवरच्या सह्या सारख्याच दिसतात. दुसऱ्या सहीला मी तरी निर्णय म्हणणार नाही. आणि नेमकं त्याच घरी जाऊन आपण “देह नश्वर आहे” ऐकवतो! स्वतःच्या आईबाबांची पॉलिसी मात्र वेळेत रिन्यू करतो. मीसुद्धा.

लिव्हिंग विलबद्दल बाबांशी बोलायचं वर्षभर टाळतोय. या रविवारी, हरिपाठ झाला की विचारतो.