सोडली, सुटली, गेली

मराठीत नोकरी तीन तऱ्हांनी संपते. माणूस ती सोडतो, ती सुटते, किंवा ती जाते. पहिल्या तऱ्हेत करणारा तो स्वतः असतो, पुढच्या दोहोंत कुणीच नसतो. गाडी सुटावी तशी ती सुटली, वीज जावी तशी ती गेली. ‘मला काढले’ असे चौथे वाक्य व्याकरणात आहे, पण स्वतःविषयी ते उच्चारणारा क्वचितच भेटतो. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र आपल्या जिभेला बहर येतो: त्याला नारळ दिला, डच्चू दिला, घरी बसवले! (कार्याच्या आरंभी जो नारळ, तोच निरोपालाही, भाषा मोठी मिस्किल खरी.)

घरात, फराळाच्या ताटाशी, ‘गेली’ एवढ्यावर भागते. शहाणे पाहुणे पुढे काही न विचारता चकली उचलतात. मुलाखतीत तसे भागत नाही. टेबलापलीकडचे गृहस्थ चष्मा सारखा करून विचारतात, “मागची नोकरी का सोडलीत?” गंमत पहा, प्रश्नातच पळवाट ठेवलेली आहे. ‘सोडलीत’ हे क्रियापद त्यांनीच पुरवले. उमेदवाराने नुसती मान डोलवायची. मग खोटे कोणाचे?

मला वाटते, उमेदवाराचेच. अश्वत्थाम्याविषयी धर्मराज जे बोलला त्यातला शब्दन् शब्द खरा होता, तरी त्याचा रथ जमिनीला टेकलाच. कारण ऐकणाऱ्याचा समज काय होणार हे बोलणाऱ्याला ठाऊक होते.

पण म्हणून ‘काढले’ म्हणताना मान खाली घालायलाच हवी काय? येथे आपले रूक्ष सेवानियम आपल्याहून समंजस निघतात. महाराष्ट्र शासनाच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन निराळ्या शिक्षा आहेत. बडतर्फ झालेल्याला पुढे सरकारी नोकरीचे दार सामान्यतः बंद होते. काढून टाकलेल्याला ते तेवढ्यावरून बंद होत नाही. आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यांतल्या कित्येक हजारांना पुन्हा गिरणीत पाऊल टाकता आले नाही. त्यांच्या तोंडी ‘गेली’ हेच क्रियापद खरे होते.

अवघड आहे ते याच्या पुढचे. समजा, एका हिशेबनिसाला फुगवलेल्या बिलावर सही करायला सांगितले. त्याने केली नाही. महिन्याभरात ‘काम समाधानकारक नाही’ असा कागद हाती आला. सत्य त्याच्या बाजूचे आहे, पण उच्चारताच ते तक्रारीसारखे वाटते, आणि थोडेसे बढाईसारखेही. पुरावा नाही. जुने साहेब समोर हजर नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात येते, हा उद्या आमच्याविषयीही असाच बोलेल. अनुभवी मित्र सल्ला देतात, “अरे, प्रकृतीचे कारण सांगून मोकळा हो!” म्हणजे ज्याने काही केले नाही त्याने आजाराचे सोंग घ्यायचे, आणि ज्याच्या हातून खरोखरच रोकडीत तूट आली त्यानेही तेच, मग दोघांत फरक काय उरला? मला हा सल्ला पटत नाही. पण देणाऱ्याला दोषही देववत नाही. घरी दोन मुले आणि भाड्याची खोली असली म्हणजे सत्य महाग पडते.

त्या हिशेबनिसाला मी एवढेच म्हणेन, की विशेषणे घरी ठेव. ‘लबाड साहेब’, ‘घोर अन्याय’, ‘माझा प्रामाणिकपणा’ हे शब्द निकाल देतात, आणि त्या खोलीत निकाल देण्याचे काम तुझे नाही. बिल आले, सही केली नाही, अमुक तारखेला पत्र मिळाले, झाले. ज्याची चूक होती त्यालाही फार लागत नाही: काय घडले, माझा वाटा किती, पुढे मी काय बदलले. त्यानंतरचे वाक्य बहुधा दुसऱ्या कुणावर तरी घसरते.

राहिला विचारणारा. त्याची परीक्षा कुणी घेत नाही. खरे बोलणाराचा अर्ज बाजूला सारून ‘प्रकृती’वाल्याला जो नेमतो, तो बाहेर बाकावर बसलेल्यांना काय शिकवतो हे त्याला कळत नसेल असे नाही. निदान त्याने दुसरा प्रश्न तरी विचारावा: “बिल किती रुपयांचे होते?” गोष्ट रचून आणलेला येथे अडखळतो. खऱ्याला तो आकडा पैशांसकट पाठ असतो, आणि तो सांगताना त्याचा आवाज त्या दिवशी प्रथमच सरळ लागतो.