अद्भुत आणि असत्य

लहान मुलांसाठी जे अद्भुतरम्य चित्रपट काढले जातात त्यांत माणसे उडतात, प्राणी बोलतात, मेलेले परत येतात. यांतले काहीच घडत नसते हे पुरते ठाऊक असताना ते घडते असे मुलांना दाखवणे म्हणजे त्यांच्याशी खोटे बोलणे नव्हे काय? हा प्रश्न आम्हांला आपणहून सुचलेला नाही. आमच्या परिचयातील एका तरुणाने तो आमच्यापुढे ठेवला, आणि तोही वादविवादाची हौस म्हणून नव्हे.

हा तरुण गोरेगावच्या एका स्टुडिओत कामाला आहे. दोरांना टांगलेला नट पडद्यावर उडताना दिसावा म्हणून संगणकावर ते दोर पुसायचे, हे त्याचे काम. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 चौकटी असतात. म्हणजे पाच सेकंदांच्या उड्डाणासाठी 120 चौकटींतून दोर नाहीसा करावा लागतो, आणि त्यामागचे आभाळ पुन्हा रंगवावे लागते. रात्रपाळी संपवून तो सकाळच्या विरार लोकलने घरी येतो. अखेरच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव असते, पण तोवर लोक चित्रपटगृहाबाहेर पडलेले असतात. (मिस्साच्या अंतिम आशीर्वादाआधीच दाराशी पोचणाऱ्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये.)

गेल्या वर्षी त्याची थोरली बहीण वारली. तिचा सात वर्षांचा मुलगा आता आजीपाशी, म्हणजे याच्याच घरी असतो. एका चित्रपटात हरवलेली राणी प्रकाशाच्या झोतातून परतते. ते दृश्य याच्याच हाताखालून गेलेले. ते पाहून भाचा म्हणाला, "मामा, तुला येतं ना हे? मग आईला आण." आम्हांला हे सांगताना तो तरुण म्हणाला, "फादर, मी काय विकतो ते मला त्या दिवशी कळलं."

हा प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी बाप्तिस्म्यापूर्वी लिहिलेल्या 'सॉलिलोक्विया' या संवादात एक सूक्ष्म भेद केला आहे. फसवणारा निराळा आणि कल्पित रचणारा निराळा. फसवणाऱ्याला आपले खोटे खरे मानले जावे असे वाटते. नाटककाराला वा कवीला रंजन करायचे असते, फसवायचे नसते. मात्र याच ऑगस्टीननी पुढे 'कन्फेशन्स'मध्ये स्वतःला बोल लावला आहे, की व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या मरणावर आपण अश्रू ढाळले आणि स्वतःच्या आत्म्याची दुर्दशा मात्र कोरड्या डोळ्यांनी पाहिली. भेद तर्कशुद्ध असला तरी जगताना तो सांभाळणे किती कठीण, हे त्यांच्याइतके कोणी जाणले असेल?

सात वर्षांच्या मुलाला हा भेद कळतो काय? आमचे मत असे, की मोठी माणसे समजतात त्यापेक्षा बराच अधिक कळतो. मात्र कोणीतरी तो त्याला उघड करून दाखवावा लागतो. दादासाहेब फाळके यांनी तो दाखवला होता. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. ते स्वतः जादूचे प्रयोगही करीत. 1919 सालच्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पण चित्रपटाच्या आरंभी ती आपल्या स्वतःच्या रूपात येते, निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तोच चेहरा कृष्णवेशात विरघळतो. ही आमची मुलगी आणि हा तिचा खेळ, असे आधी सांगून मगच फाळक्यांनी अद्भुताला हात घातला. त्याने कृष्णलीलेची गोडी कमी झाली नाही.

आम्ही त्या तरुणाला हे सांगितले. पुढच्या रविवारी त्याने भाच्याचा लाकडी हत्ती दोऱ्याने दांडीला टांगला, मोबाईलवर चित्रण केले आणि घरच्या संगणकावर त्या पोराच्याच हातून दोरा पुसून घेतला. हत्ती उडाला. मुलाने विचारले, "आणि आई?" मामा म्हणाला, "आईला असं आणता येत नाही रे. कुणालाच येत नाही." मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हत्तीला कौलांच्या वर ने."

मुलाचे असे झाले. मामाचे समाधान मात्र झालेले नाही. त्याचा आक्षेप उडण्यावर नाहीच. पडद्यावरचे मूल मनापासून इच्छा करते आणि राणी परतते, यावर आहे. येथे आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. 1939 सालच्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधील वावटळ म्हणजे मलमलीचा सुमारे 35 फूट उंच नळा होता. करड्या घरातून रंगीत प्रदेशात दार उघडते ते दृश्य साधण्यासाठी घराचा देखावाच तपकिरी रंगवून तपकिरी कपड्यांतली दुसरी मुलगी उभी केली होती. एवढ्या हिकमती, पण कथेत पडदा सरकतो आणि महान जादूगार एक साधा, घाबरलेला म्हातारा निघतो. 'गुपी गाइन बाघा बाइन' हा सत्यजित राय यांचा 1969 सालचा चित्रपट घ्या. आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरतात आणि उपाशी सैनिक लढाई टाकून त्यांच्याकडे धावतात. हंड्या आभाळातून येत नाहीत हे कोणत्याही पोराला ठाऊक असते. पण भुकेल्या सैनिकाला लढाई नको असते, हे खरे आहे आणि ते त्या पोराला तेथेच कळते. उलट, इच्छा पुरेशी तीव्र असली की मृत्यू मागे फिरतो, असे जो सांगतो तो ऑगस्टीनच्या अर्थाने फसवणारा आहे. मग त्याच्या चित्रपटात एकही माणूस उडत नसो. कारण आई परतली नाही की मूल त्याचा दोष आपल्या इच्छेला देते.

पण दोष त्या कथेच्या कर्त्याचा, दोर पुसणाऱ्याचा नव्हे, असे आम्ही म्हटले तेव्हा तो हसला. 'ऑझ'मध्ये पत्र्याच्या माणसाची भूमिका आधी बडी एब्सन यांना मिळाली होती. रंगभूषेतील ॲल्युमिनियमची भुकटी फुप्फुसांत जाऊन ते रुग्णालयात पोचले आणि भूमिका दुसऱ्याकडे गेली. ही हकीकत त्यानेच आम्हांला सांगितली होती. ती आठवून तो म्हणाला, "फादर, भुकटी कुणी बनवली, कुणी लावली, कुणी हुकूम दिला, असं वाटून घेतलं तर कुणाच्याच वाट्याला काही उरत नाही." घरी आई आहे, भाचा आहे, घराचा हप्ता आहे; नोकरी सोडणे त्याला शक्य नाही आणि आम्हीही तसे सुचवलेले नाही. त्याने वरिष्ठांकडे एवढेच मागितले आहे, की पुन्हा तसले दृश्य आले तर ते दुसऱ्या कोणाला द्यावे. उत्तर अद्याप आलेले नाही.