विठोबाला गोणपाट

पौष अमावास्येच्या नागोबा जत्रेसाठी गोंडांच्या मेसराम कुळातली मंडळी गोदावरीचं पाणी घेऊन पायी केस्लापूरला पोचतात, तेव्हा आमच्या इंद्रवेल्लीत थंडीचा कडाका असतो. एखाद्या वर्षी आदिलाबाद भागात पारा पाचाच्याही खाली उतरतो. आभाळ मोकळं, वारा पडलेला. अशा रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पान भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडतं. खोलगट वाफ्यातली वांगी, टमाटे आधी करपतात. लसूण, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर मजेत.

आम्ही माळी. अरणच्या सावतोबांनी पंढरीला न जाता मळ्यातच विठोबा पाहिला, ही गोष्ट लहानपणापासून कानावर. सासूबाई तिचा रोकडा अर्थ काढतात. "मळाच देव, तर देव आपली राखण करंल. तू कामून रातची उठतीस?"

मी म्हणते, "मामी, पंढरपुरात थंडीत विठ्ठलाला शाल पांघरतात, कानपट्टी बांधतात. जगाच्या मायबापाला कशाची थंडी, असं तिथं कोणी विचारतं का?" देवाला आपली गरज नसेलही, पण गरज आहे असं धरून वागणं, हीच मला भक्ती वाटते.

थंडी हटव असं मात्र मी मागत नाही. शेजारचा गहू-हरभरा याच थंडीवर पोसतो. माझ्या वांग्यासाठी त्याच्या घाट्यातला दाणा कसा मागू? मागायचं ते हवामान नव्हे. आपल्या हातात आहे ते करायचं. संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्यायचं. ओली काळी माती दिवसाची ऊब धरते. तुराट्यांचा मांडव करून वर गोणपाट टाकायचं, पानाला टेकू द्यायचं नाही, ऊन आलं की काढायचं. लोक धूर करतात. माझ्या मते त्यानं डोळे तेवढे चुरचुरतात.

अडचण वेगळीच आहे. गोणपाटं पुरत नाहीत. मी मिरचीची कोवळी रोपं झाकते, पावसाळ्यापासून फळलेली जुनी वांगी उघडी ठेवते.

"त्या वांग्यात विठोबा नाय का?" सासूबाई विचारतात.

"आहे की. पण वांग्यानं दिलंय भरपूर. रोपाचं अजून सगळं व्हायचंय."

"म्हणजे म्हातारं झालं की उघड्यावर? हे कोन्त्या संतानं सांगितलं?"