चैत्रातले झबले, गीतेतले दान

रबाळ्यात वसंत येतो तो घाम घेऊनच. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखाने. चैत्र लागला की खाडीवरचा वारासुद्धा अंगाला चिकटतो. अशा दिवसांत कुणाकडे बारसे निघते आणि भेटींच्या ढिगात हमखास एक विणलेला संच असतो: स्वेटर, टोपरे, मोजे. फिकट पिवळा रंग, जाळीची वीण, गळ्याशी रिबीन. आजीने नाहीतर मावशीने डोळे फोडून विणलेला. जमलेल्या बायका "अगंबाई, किती गोड!" म्हणतात. बाळाला तो घालतात, फोटो काढतात आणि मानेवर घामोळे उठायच्या आत उतरवून ठेवतात.

मायेने दिलेल्या वस्तूची पारख करावी का, हा प्रश्न वरवर विणकामाचा दिसतो, पण तो धर्माचाही आहे.

भक्तिपरंपरा चटकन ‘नाही’ म्हणेल असे वाटते. सुदाम्याच्या पोह्यांना कृष्णाने नावे ठेवली नाहीत. खरे आहे, पण पोहे खाल्ले की संपतात, स्वेटर अंगावर राहतो. शिवाय लोककथेतली शबरी प्रत्येक बोर आधी स्वतः चाखते आणि मगच रामापुढे ठेवते. आपल्याकडची गोरोबाकाकांची कथा तर आणखी रोखठोक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी थापटायचे थापटणे घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप दिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. नामदेव चिडले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. विठ्ठलाने समजूत काढली नाही. गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे धाडले. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या, देवाच्या लाडक्या भक्तालाही कुंभाराच्या परीक्षेतून सूट मिळाली नाही.

ही पारख कशी करायची, ते गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेले दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेले राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अपात्राला, अनादराने दिलेले तामस. भाष्यकारांनी ‘पात्र’ म्हणजे दान घ्यायला योग्य माणूस असा अर्थ घेतला. झबल्याच्या बाबतीत तो थोडा ताणून अंगाच्या मापापर्यंत नेला तर फारसे बिघडत नाही. आणि "घातलेला फोटो पाठव हं!" ही प्रेमळ ताकीद राजस दानात मोडते, हे विणणारीने हसून मान्य करावे.

आता देश आणि काल. विणकामाच्या पुस्तकांतले वसंती नमुने बहुधा थंड मुलखातले असतात. तिथे वसंतातही सकाळी गारठा असतो, म्हणून हलका लोकरी कार्डिगन शोभतो आणि उपयोगीही पडतो. तोच नमुना रबाळ्यात उतरला की नुसती शोभा उरते. त्यात दुकानातली ‘लोकर’ बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. खरी लोकर हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 16 टक्के धरते, कापूस 8 टक्क्यांच्या आसपास, ॲक्रिलिक जेमतेम दीड. मग घाम जाणार कुठे? तो बाळाच्या पाठीवरच राहतो. सुतालाही खोड आहे: लोकरीसारखे ते आक्रसून मूळ मापावर येत नाही, धुतल्यावर स्वतःच्या वजनानेच लोंबते. म्हणून लांबी आखूडच धरावी लागते. जाळी दिसायला सुरेख, पण मोठ्या भोकांत तान्ह्याची बोटे अडकतात. गळ्याची रिबीन तर देखणेपणाच्या नावाखाली केलेला धोकाच.

बाळ निदान रडून निकाल देते. देव तेही करत नाही, तरी त्याच्या कपड्यांत ऋतू पाळला जातो. पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी असते. पंढरपुरात वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत विठ्ठलाला पांढरा पोशाख करतात, आणि गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत रोज चंदनाची उटी लावतात. पाषाणाला ऊन लागते का, हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल घालावा. पुजाऱ्यांनी मात्र नेसवणाऱ्याच्या हौसेपेक्षा नेसणाऱ्याचा ऋतू मोठा मानला. न बोलणाऱ्याच्या वतीने विचार करणे ही सेवेची पहिली अट असेल, तर ती देव्हाऱ्याइतकीच पाळण्यालाही लागू आहे.

तेव्हा चैत्रात रबाळ्याला बारशाला निघालेल्या मावशीने बारीक सुती धागा घ्यावा. सैल, पण बारीक विणीचे, बिनबाह्यांचे झबले विणावे. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून गळा खांद्यावर उघडणारा ठेवावा आणि बटणे घट्ट शिवावीत. विणून झाल्यावर एकदा धुऊन वाळवावे, माप पुन्हा घ्यावे आणि आतली बाजू स्वतःच्या गालावर घासून पाहावी. टोचले तर उसवावे. टोपरे-मोज्यांचा संच विणायचाच असेल, तर नाशिककडच्या भाच्यासाठी मार्गशीर्षात विणावा.