दुर्धर आजार, विमा आणि तवक्कुल

बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत विजेच्या साहित्याचे छोटे दुकान चालविणाऱ्या एका तरुण बांधवाने आमच्यापुढे प्रश्न मांडला. लग्नानंतर त्याने आयुर्विमा घेतला होता. आता एजंट सांगतो, हप्त्यात थोडी भर घाला आणि गंभीर आजाराचे संरक्षणही जोडून घ्या. "घेतले तर अल्लाहपुढे काय उत्तर देऊ? न घेता उद्या कर्करोग झाला तर मुलांना काय उत्तर देऊ?" वाचकहो, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. आयुर्विम्याची रक्कम मृत्यूनंतर वारसांना मिळते. गंभीर आजाराचे संरक्षण मात्र जिवंत माणसाला, ठरलेल्या आजाराचे निदान होताच एकरकमी पैसे देते. यादीबाहेरच्या आजाराला ते लागू होत नाही. कर्करोगाच्या अगदी आरंभीच्या काही अवस्था बहुधा वगळलेल्या असतात. पहिले 90 दिवस सहसा दावा करता येत नाही आणि निदानानंतर बहुधा 30 दिवस रुग्ण हयात असावा लागतो. कागद न वाचता सही करणे हा तवक्कुल नव्हे, निष्काळजीपणा होय.

आता शरीअतचा विचार. डिसेंबर 1985 मध्ये जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने ठराव केला की, निश्चित हप्त्याच्या व्यापारी विम्यात करार बाद करणारी मोठी अनिश्चितता, म्हणजे गरर, आहे; परस्पर देणगी व सहकार्यावर उभा असलेला विमा मात्र ग्राह्य आहे. मुस्तफा जरका यांच्यासारख्या विद्वानांनी याहून वेगळे मतही मांडले. आजाराच्या जोडसंरक्षणात सहसा बचतीचा भाग नसतो, म्हणून बचतीवर मिळणाऱ्या व्याजाचा प्रश्न तिथे सौम्य वाटेल; पण गररचा प्रश्न तसाच उरतो. मलेशियात 1984 पासून तकाफुलचा कायदा आहे. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

मग हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळातच दुष्काळासाठी धान्य राखले. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत जीवघेण्या आजाराने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबविले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवणे उत्तम. आणि मृत्यू समोर दिसत असलेले तेच सअद (रजि.) पुढे अनेक वर्षे जगले. गंभीर आजार म्हणजे शेवट नव्हे. पण तो कमाईचे महिने गिळतो.

इथे दोन गरजा वेगळ्या कराव्या लागतील. पहिली उपचाराच्या खर्चाची. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. हा हक्क आहे, भीक नाही. तरी किती घरांना तो ठाऊक आहे? दुसरी गरज बंद दुकानाची: भाडे, शाळेची फी, चूल. ती कोणत्याही रुग्णालयाच्या सवलतीने भागत नाही.

म्हणून त्या बांधवाला आम्ही सांगितले: आधी या सोयींची कागदपत्रे तयार ठेवा, सहा महिन्यांचा घरखर्च हळूहळू बाजूला काढा, आणि गल्लीतल्या दहा दुकानदारांशी बोला. अशअरी कबिल्याचे लोक टंचाईत आपले अन्न एका कपड्यावर एकत्र करून समान वाटून घेत, याची प्रेषितांनी (स.) प्रशंसा केली. दहा जणांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता दरमहा ठरावीक देणगी एका निधीत टाकली आणि हिशेब लेखी ठेवला, तर तकाफुलची सुरुवात तिथेच होते.

एवढे करूनही घर उघडेच राहत असेल, कुणी एकटाच कमावता असेल आणि घराण्यात आजाराचा इतिहास असेल, तर त्याने जाणत्या मुफ्तींना आपली पूर्ण परिस्थिती सांगून विचारावे. निकड खरी असेल तर सूट निकडीपुरतीच असते. सवयीला निकड म्हणू नये. आणि घ्यायचेच ठरले तर अर्जात जुना आजार लपवू नये, कारण खोट्यावर उभा राहिलेला आधार ऐन वेळी कोसळतो.

आता प्रश्न तुम्हाला, वाचकहो. शेजारचे शटर महिनाभर बंद दिसले तर आपण विचारपूस करतो का? ज्या वस्तीत आजारी माणसाला कंपनीशिवाय कुणाचाच आधार वाटत नाही, तिथे हिशेब केवळ त्याचा होणार नाही, आपलाही होईल. अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो आणि एकमेकांचा आधार बनण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.